लोणावळ्याचा पास

लहानपणी आमच्या घरी चिक्कीचा तुटवडा कधी भासला नाही. घर कामशेतपासून चालत अर्ध्या तासावर, नाणे मावळाच्या तोंडाशी. भोवती आंबेमोहराची खाचरे, पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि उन्हाळ्यात ढेकळे. पैशांची चणचण बारमाही. दूध विकून चहा काळा पिणाऱ्या त्या घरात आठवड्यातून दोनतीनदा लोणावळ्याची चिक्की कुठून येते, हा प्रश्न आम्हां मुलांना पडला नाही. मुलांना असले प्रश्न पडत नसतात. चिक्की नाना आणत. नाना म्हणजे आमचे धाकटे काका. ते पुण्यात एका पेढीवर हिशेब लिहीत आणि रोज आगगाडीने जा-ये करीत. आता कामशेत हे पुण्याहून येताना लोणावळ्याच्या आधीचे स्थानक. मधले मळवली सोडले की लोणावळाच. पुण्याहून कामशेतला उतरणाऱ्या माणसाने लोणावळ्याची चिक्की आणावी, यातली विसंगती आमच्या ध्यानी यायला पस्तीस-चाळीस वर्षे लागली.

नाना झोपत. एवढ्या एका क्रियापदात घराने आणि गावाने त्यांचे चरित्र संपवले होते. भातलावणीत रोपांची जुडी हातात धरून ते चिखलात उभ्याउभ्या झोपत. काकड्याला टाळ हातात घेऊन बसत आणि दुसऱ्या अभंगाला त्यांचा टाळ थांबे. जेवताना घास तोंडाशी नेता नेता डोळे मिटत. पेढीवरच्या खतावणीत त्यांचे मोत्यासारखे अक्षर मध्येच एखाद्या ओळीत ओघळू लागे, आकडे उतरणीला लागल्यासारखे खाली घसरत, आणि पुढच्या ओळीत पुन्हा सरळ होत. त्या घसरलेल्या ओळी आपण केव्हा लिहिल्या हे नानांना सांगता येत नसे. गावात त्यांना कुंभकर्ण म्हणत. कुंभकर्णाची निदान वर मागताना जीभ वळली होती; नानांनी कोणाकडे काही मागितले नव्हते. सोळाव्या वर्षी, १९६५च्या पावसाळ्यात, त्यांना जबर ताप आला आणि त्यानंतरच्या वर्षभरात हे सुरू झाले, असे आजी सांगे. त्याच सुमारास अंगही सुटू लागले. मग तर काय, ‘खातो आणि लोळतो’ हे वाक्य पुरे होते. वास्तविक ते आमच्या वडिलांहून कमी जेवत.

पण झोपेहून विचित्र असे आणखी एक होते. नाना हसले की पडत.

खदखदून हसू येण्याच्या बेतात असताना आधी त्यांचा जबडा सैल होई, मान छातीवर कलंडे, गुडघे दुमडत आणि धोतर वाळत घातलेल्या दोरीची गाठ सुटावी तसे ते सबंध खाली येत. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट तसेच पडून राहत. मग उठत, कपडे झटकत आणि काही न बोलता निघून जात. साखरपुड्याच्या दिवशी मुलीच्या मामाने काहीतरी विनोद केला आणि नाना पाटावरून आडवे झाले. ‘फेफरे आहे’ असे म्हणून ती मंडळी त्याच दिवशी परत गेली. पुढे एका डॉक्टरांनीही फेफऱ्याचेच निदान केले आणि फिनोबार्बिटोनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या झोप आणणाऱ्या. आधीच झोपेने बुडालेल्या माणसाला त्या सोळा वर्षे देण्यात आल्या. पहाटे नानांना छातीवर कोणी बसल्याचा भास होई, हातपाय हलवता येत नसत, ओरडता येत नसे. ओढ्याकाठच्या पिंपळावरचा मुंजा आहे असे देवऋषीने सांगितले आणि एक कोंबडा गेला.

आता जे सांगायचे ते टाळता येत नाही म्हणून सांगतो. या लेखात आम्ही स्वतःचा उल्लेख जो ‘आम्ही’ असा करीत आहोत, तो लिहिण्याची जुनी रीत म्हणून. पुढच्या चार वाक्यांतले ‘आम्ही’ मात्र खरेखुरे अनेकवचन आहे. आम्ही चार चुलत भावंडे होतो आणि नानांना हसवून पाडणे हा आमचा खेळ होता. शाळेतल्या मास्तरांची नक्कल हा हुकमी उपाय. ते पडले की आम्ही भोवती उभे राहून मोठ्याने आकडे मोजत असू; जितके आकडे जास्त तितका नक्कल करणाऱ्याचा मान मोठा. १९७९च्या मे महिन्यात आम्ही हा खेळ विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या नानांवर केला, ते आतल्या तिसऱ्या पायरीवर पडले आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. नक्कल आम्ही केली होती, म्हणजे हे लिहिणाऱ्याने. घरी नानांनी सांगितले, शेवाळावरून पाय घसरला. मे महिन्यात, कोरड्या ठणठणीत पायरीवर, शेवाळ. कोणी विहिरीपर्यंत जाऊन पाहिले नाही.

असो. या सगळ्याला नाव मिळायला २००६ साल उजाडले. तोवर आम्ही पुण्यात नोकरीला होतो आणि एका वाचलेल्या लेखात ‘हसल्यावर पडणे’ हे शब्द दिसले. नानांना पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. एक रात्र डोक्याला तारा लावून झोपवले. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी वीस मिनिटे निजायला सांगून पाच वेळा मोजणी केली. निरोगी माणसाला दिवसा असे निजवले तर डोळा लागायला दहापंधरा मिनिटे लागतात आणि स्वप्नांची झोप यायला दीड तास. नाना पाचही वेळा दोन मिनिटांच्या आत झोपले आणि त्यांतल्या चार वेळा थेट स्वप्नांत पोहोचले. व्याधीचे नाव नार्कोलेप्सी. हसण्याने लुळे पडणे त्याच व्याधीचा भाग, त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. फेफऱ्याशी संबंध नाही. नार्कोलेप्सी हे नाव जेलिनो या फ्रेंच डॉक्टरने १८८० साली दिलेले होते. म्हणजे नाना जन्मले त्याच्या एकोणसत्तर वर्षे आधी.

नाव जुने असले तरी कारण कळले ते अगदी अलीकडे, आणि ते कळण्याची कथा मोठी गमतीची आहे. १९९८च्या आरंभी अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी, एकमेकींचा पत्ता नसताना, काही आठवड्यांच्या अंतराने मेंदूतले तेच दोन पदार्थ शोधले. एका गटाने त्यांना हायपोक्रेटिन म्हटले. टेक्सासमध्ये यानागिसावा आणि साकुराई यांच्या गटाने ते उंदरांच्या मेंदूत टोचले तेव्हा उंदीर जास्त खाऊ लागले, म्हणून भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव ठेवले ओरेक्सिन. हे पदार्थ न्यूरोपेप्टाइड आहेत, म्हणजे चेतापेशींनी एकमेकींना निरोप धाडण्यासाठी वापरलेले प्रथिनांचे तोकडे तुकडे. ओरेक्सिन-ए तेहेतीस अमिनो आम्लांचे, ओरेक्सिन-बी अठ्ठावीसांचे. दोन्ही एकाच मोठ्या साखळीतून कापून निघतात. निरोप घेणारे रिसेप्टरही दोन. पहिला मुख्यतः ओरेक्सिन-ए ओळखतो, दुसरा दोन्हींना सारखाच मान देतो.

तर शोधणाऱ्यांना वाटले, भुकेचे रसायन सापडले. पुढच्या वर्षी त्यांनी ओरेक्सिन अजिबात नसलेले उंदीर तयार केले. ते थोडे कमी खात, पण बाकी ठीकठाक दिसत. दिवसा. उंदीर हा निशाचर, तो अंधारात काय करतो हे पाहायला इन्फ्रारेड कॅमेरा लावला तेव्हा दिसले की धावता धावता, खेळता खेळता हे उंदीर एकाएकी कलंडतात, काही वेळ तसेच राहतात आणि उठून पुन्हा धावू लागतात. त्याच वर्षी, १९९९मध्ये, स्टॅनफर्डला मिन्यो यांच्या गटाने नार्कोलेप्सी असलेल्या डॉबरमन कुत्र्यांत दुसऱ्या रिसेप्टरचे जनुक बिघडलेले शोधून काढले. या कुत्र्यांना आवडीचे खाणे दिसले की आनंदाने त्यांचे पाय लुळे पडत. त्यांची चाचणीही तशीच होती: खाण्याचे तुकडे ओळीने मांडायचे आणि सगळे खाऊन होईतो कुत्रा किती वेळा पडतो ते मोजायचे. हा तपशील वाचताना आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते.

२००० साली माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले. आपल्या मेंदूत चेतापेशी अब्जावधी; त्यांत ओरेक्सिन बनवणाऱ्या जेमतेम पन्नास ते ऐंशी हजार. सगळ्या एका ठिकाणी, मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये, कडेला. नार्कोलेप्सीच्या रुग्णांत त्यांतल्या शेकडा पंच्याऐंशी ते पंच्याण्णव नाहीशा झालेल्या. जन्मतः त्या असतात. पौगंडावस्थेच्या आसपास बहुधा शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती त्यांना मारते. एका विशिष्ट वारशाच्या माणसांत हे अधिक घडते, आणि २००९-१०च्या स्वाइन फ्लूनंतर काही देशांत मुलांमध्ये नार्कोलेप्सीचे रुग्ण वाढले. युरोपात त्या वेळच्या एका विशिष्ट लशीनंतर, चीनमध्ये साथीनंतर. नानांच्या १९६५च्या तापाशी याचे नाते जोडण्याचा मोह होतो. जोडता येत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या तापाचा नमुना कोणी जपून ठेवत नाही.

मूठभर पेशी गेल्या तर एवढे काय बिघडते? हे आम्हाला समजले ते नानांनीच सांगितलेल्या एका गोष्टीमुळे. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. तिच्या आधी नाना पॅसेंजरने येत. एकदा ते कामशेतला झोपले, लोणावळ्यालाही झोपले आणि घाट उतरून कर्जतला जागे झाले. रात्रभर फलाटावर बसून त्यांनी बँकर इंजिने जोडताना पाहिली. बोरघाटाचा चढ सदतिसास एक. मुंबईहून धापा टाकत आलेली गाडी स्वतःच्या इंजिनावर तो चढू शकत नाही म्हणून कर्जतला तिला मागून इंजिने लावतात आणि ती तिला लोणावळ्यापर्यंत ढकलतात. ‘मागची इंजिनं दिसत नाहीत आतल्या माणसाला,’ नाना म्हणाले होते, ‘त्याला वाटतं गाडीच चढतेय.’

जागेपणाचे इंजिन मेंदूत एक नाही. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, सेरोटोनिन, हिस्टामिन यांची वेगवेगळी केंद्रे मिळून ते काम करतात. सकाळी सपाटीवर ती पुरेशी असतात. जसजसा दिवस चढतो तसतसा झोपेचा दाबही वाढत जातो, आणि संध्याकाळी तर खरा घाट लागतो. ओरेक्सिनच्या पेशी या सगळ्या केंद्रांपर्यंत तंतू धाडतात आणि मागून रेटा देतात. हा रेटा नसला तर जागेपण संपत नाही, पण ते कुठल्याही वळणावर मागे घसरते. म्हणूनच नार्कोलेप्सीचा माणूस चोवीस तासांत इतरांहून फार जास्त झोपतो असेही नाही. त्याची झोप आणि जाग दोन्ही तुकड्यातुकड्यांनी येतात. नाना रात्री चारचारदा उठून अंगणात फेऱ्या मारीत, हे घरातल्या सर्वांनी पाहिले होते. कुंभकर्णाच्या हिशेबात ते कोणी धरले नाही.

हसण्याचेही तेच. स्वप्नांच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू बंद करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातल्या घोड्यावरून खाटेखाली येऊ. जागेपणी हे कुलूप उघडे ठेवण्याचे काम त्याच केंद्रांचे. आनंदाचा किंवा विनोदाचा जोराचा लोंढा आला की ते डळमळते. निरोगी माणसात ओरेक्सिन सावरून धरते. (हसून हसून हातपाय गळाले असे आपण म्हणतो, ते अगदीच अलंकारिक नसावे.) नानांच्यात सावरणारे कोणी नव्हते. स्वप्नातले लुळेपण भर दुपारी अंगात शिरे, आणि पहाटे उलटे होई: मन जागे, शरीर अजून स्वप्नाच्या बंधनात, स्वप्न डोळ्यांसमोर चालू. तोच मुंजा. आपल्या जुन्या विचारात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा तीन अवस्था मानल्या आहेत; नानांच्या शेतात त्या तिन्हींमधले बांध फुटले होते.

आणि भूक? तिचे नावच या रसायनाला दिले, ते वाया गेले नाही. रक्तातली साखर वाढली की या पेशी शांत होतात; उपाशीपोटी पोटातून येणारे घ्रेलिन त्यांना चेतवते. उपाशी जनावराने झोपून कसे चालेल, त्याने अन्न शोधायला हिंडले पाहिजे, असा तो हिशेब. पण ओरेक्सिन ऊर्जा खर्चही करवते, म्हणून ते गेले की माणूस कमी खाऊनही सुटतो. कुंभकर्णाची कथा ज्याने रचली त्याने झोप आणि भूक एकाच राक्षसात घातली, हे आम्हाला आता निराळेच वाटते.

लोणावळ्याला गेलो की आम्ही कैवल्यधामात डोकावतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते स्थापन केले. त्याआधी बडोद्याला त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या माणसांची क्ष-किरणांनी तपासणी केली होती. योगाबद्दल बोलायचे तर मोजून बोलायचे, हा त्यांचा बाणा. त्याच परंपरेत करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात माणसे बसवून केलेली निरीक्षणे १९६८ साली प्रसिद्ध झाली. कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि माणसाचा श्वास जोरात चालू लागतो. २००७ साली असे दिसले की ओरेक्सिन नसलेल्या उंदरांत जागेपणी हा प्रतिसाद निम्म्याच्या आसपास येतो, आणि ओरेक्सिनच्या पेशींना स्वतःलाच आम्लता व कार्बन डायऑक्साइड जाणवतो. यावरून प्राणायामाने ओरेक्सिन वाढते असे सांगणारे उत्साही लोक आम्हाला भेटले आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे की कुवलयानंदांनी आधी यंत्र लावले असते. नानांना कोणी तिथे नेले नाही. नेले असते तर निदान त्यांची झोप कोणीतरी घड्याळ लावून मोजली असती.

२००६ला डॉक्टरांनी नानांना सकाळी मोडाफिनिल आणि हसण्यासाठी (त्यांनी हाच शब्द वापरला) नैराश्यावरचे एक औषध अगदी थोड्या मात्रेत दिले. ओरेक्सिन स्वतः गोळीतून देता येत नाही. ते पोटात पचते आणि रक्तातून मेंदूतही नीट शिरत नाही. गंमत अशी की ज्यांना झोप येत नाही त्यांचे भले आधी झाले. दोन्ही रिसेप्टर अडवणारे सुव्होरेक्सन्ट अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाले. उलट, दुसऱ्या रिसेप्टरला चेतवणाऱ्या गोळीसाठी फार वाट पाहावी लागली. एका औषधाच्या चाचण्या २०२१ साली यकृताला इजा होते म्हणून थांबल्या. दुसऱ्याचे, ओव्हेपोरेक्सटनचे, चांगले निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. नाना २०१९ला वारले होते.

निदानाच्या दिवशी डॉक्टर बोलत असता नाना गप्प बसून होते. शेवटी त्यांनी एकच विचारले, ‘म्हणजे आळस नव्हं?’ डॉक्टर म्हणाले, नव्हे. परतीच्या लोकलमध्ये खडकी येईपर्यंत ते बाहेर पाहत राहिले. आम्ही धीर करून विचारले, पडल्यावर काय होत असे, शुद्ध जात असे का?

‘शुद्ध कुठं जातीय,’ नाना म्हणाले. ‘समदं ऐकू यायचं. एकदा तू सत्तावन्नपर्यंत गेला होतास.’

आम्ही विहिरीचे बोलायला तोंड उघडले. तेवढ्यात त्यांचा डोळा लागला. कामशेतला आम्ही त्यांना हलवून उठवले.

त्यांच्या मागे एक पत्र्याची ट्रंक राहिली. तीत धोतरजोड्या, गाथा आणि दोऱ्याने बांधलेली रेल्वेच्या मासिक पासांची चळत होती, १९८३ साली पेढीने काढून टाकेपर्यंतची. सगळे पास पुणे ते लोणावळा. कामशेतचा एकही नाही. विनातिकीट सापडू नये म्हणून त्यांनी आपल्या झोपेचे भाडे दरमहा आगाऊ भरले होते, आणि रिकाम्या हाताने उशिरा घरी यायला नको म्हणून चिक्की. सर्वांत वरच्या पासाच्या पाठीवर पेन्सिलीने आम्हां चौघांची नावे होती आणि प्रत्येकापुढे आवड: शेंगदाणा, खोबरे, शेंगदाणा. आमच्या नावापुढे तीळ होते.